आक्काची भांडी पोचवताना

रिकामी बॅग घेऊन प्रवासाला निघालेली बाई तुम्ही पाहिली नसेल, तर मला बघा. कोल्हापूरच्या स्टँडवर सकाळी सहाच्या नाशिक गाडीपाशी मी दोन मोठ्या चाकांच्या बॅगा घेऊन उभी होते. एकीत चार साड्या आणि दुसरीत काही नाही. कंडक्टरनं नेमकी ती दुसरी उचलली आणि ती इतकी हलकी निघाली की भला माणूस मागेच कलंडला.

"मावशी, हिच्यात काय हाय? हवा?"

"आत्ता हवा आहे. येताना बहिणीचं घर भरून आणायचंय," मी म्हटलं.

तो हसला. मी नाही हसले, कारण मी खरंच सांगत होते. बहीण म्हणजे आक्का, माझी थोरली, विमल. वय एकाहत्तर. लग्न केलं नाही. पोरवयात नाशिकला सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात सिस्टर म्हणून लागली, ती तिथलीच होऊन गेली. मी कुंदा, शाळेच्या ऑफिसातून निवृत्त. आमचे हे जाऊन तीन वर्षं झाली. लेक बंगळुरूला. तीन वर्षं मी आक्काच्या मागे लागले होते की बाई, आता माझ्याकडे ये, म्हातारपणी एकमेकींना धरून राहू. माझ्याकडे तिच्यासाठी खोली आहे. आमच्या गल्लीत सगळे तिला 'आक्काची खोली' म्हणूनच ओळखतात. थोडंफार सामान आहे तिच्यात, पण ते काय, सरकवलं की झालं. आक्का मात्र दर वेळी 'बघू' म्हणायची. आणि गेल्या महिन्यात तिचा फोन आला, "कुंदे, मी घर रिकामं करतेय. दोन दिवस येशील का?" आता याचा आणखी काय अर्थ होतो, तुम्हीच सांगा! मी शेजारपाजारी सांगूनसुद्धा टाकलं, की दिवाळीला आक्का इथं असणार.

संगमनेरला गाडी जेवायला थांबली. पिठलं-भाकरी बरी होती, फक्त ठेचा इतका तिखट की मी कोल्हापूरची असूनही डोळ्यांत पाणी आलं, पण ते मी कुणाला दिसू दिलं नाही. अब्रूचा प्रश्न होता. सिन्नर मागे पडलं तसे दोन्ही बाजूंना डोंगर मोकळे मोकळे दिसू लागले आणि पाऊस नुकताच संपलेला असल्यानं सगळं हिरवं होतं. नाशिक रोडचा पूल, मग वाहनांची गर्दी, मग द्वारका. तिथं उतरून रिक्षा केली आणि साडेपाचला इंदिरानगरात आक्काच्या दारात पोचले.

आक्कानं दार उघडलं. अंगात कॉटनची फिकी साडी, केस बारीक कापलेले, तीच सरळ पाठ. मी गळ्यातच पडले. मग आत गेले आणि बसायला खुर्ची शोधू लागले.

"बस की," आक्का म्हणाली.

"कुठं?"

"खाली. सतरंजी आहे ना."

बाई गं! तीन खोल्यांचं घर, आणि त्यात एक सतरंजी, दोन वळकट्या, एक शेगडी, दोन ताटं, दोन पेले. दोरीवर पाच साड्या. भिंतीवर जिथं कपाट होतं तिथं फिकट चौकोन. माळ्यावर पूर्वी भांडी खच्चून भरलेली असायची. तिथं आता नुसता माळा होता. मी सगळ्या खोल्यांमधून दोनदा फिरून आले. मला वाटलं कुठंतरी खोक्यांत बांधून ठेवलं असेल.

"आक्का, सामान कुठाय?"

"ज्याचं त्याला दिलं."

चहा पिता पिता तिनं सांगितलं. निवृत्त झाल्यापासून ती रोज सकाळी उठून भांडी पुसायची. दुपारपर्यंत पुसून व्हायची, आणि चार दिवसांनी पुन्हा धूळ. "चाळीस वर्षं पेशंटची ड्युटी केली," ती म्हणाली, "आणि आता या भांड्यांची ड्युटी? एक दिवस फडकं ठेवलं खाली आणि म्हटलं, बस्स."

आता ही भांडी कुठली, ते सांगायला हवं. आक्काच्या हातून बाळंतपण झालं की घरचे लोक बारशाला बोलवायचे आणि तिला एखादं भांडं द्यायचे. नुसतं नाही. भांड्यांच्या दुकानात मशीन असायचं, टर्रर्र करत नाव कोरायचं. 'चि. अमुकच्या बारशाप्रीत्यर्थ विमल सिस्टरना सप्रेम.' अशी भांडी आक्काकडे किती होती, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

"मोडीत घालायची होतीस मग," मी म्हटलं.

"नावं आहेत गं त्यांच्यावर. मोडीत नावं कशी घालू?"

म्हणून गेले सात महिने ही बाई एकेक भांडं घेऊन, त्यावर ज्या लेकराचं नाव आहे त्याला शोधत नाशिकभर हिंडत होती. लेकरं म्हणजे आता तिशी-चाळिशीतली. बहुतेक भांडी पोचली. तीन उरली होती, ती खिडकीत मांडून ठेवली होती. एक स्टीलचा डबा, एक पितळी पातेलं, एक तांब्याचा तांब्या.

"ही तेवढी पोचवू. म्हणून तुला बोलावलं."

"आणि मग कोल्हापूर?"

आक्का कप विसळायला उठली. "आधी भांडी पोचवू," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला मिसळ खायला नेलं. आता मिसळीबद्दल कोल्हापूरच्या माणसानं नाशिकला जाऊन बोलू नये, भांडणं होतात. पण मिसळीबरोबर पापड? आणि दही? आणि वर जिलेबी? मी ताटाकडे बघतच राहिले. वाढणारा म्हणाला, "ताई, रस्सा अजून घ्या, काळ्या मसाल्याचा आहे, तिखट लागत नाही." (रस्सा म्हणजे आपला कट.) मी तीनदा घेतला. चांगला होता, काय करता! हे तुमच्या-माझ्यात ठेवा.

तिथून नाशिक रोड. रिकामी बॅग मी बरोबर घेतली होती. आक्का म्हणाली, कशाला, पण मी ऐकते होय! एका जुन्या वसाहतीत तिसऱ्या मजल्यावर कमलताई राहतात. आक्कानं पर्समधून साखरेची पुडी काढली आणि जिन्यातच डब्यात ओतली. भांडं रिकामं द्यायचं नसतं, हे काय आपल्याला नव्यानं सांगायला हवं? शेजारणीची वाटी परत करतानासुद्धा आपण चिमूटभर साखर घालतोच.

कमलताईंनी हसत दार उघडलं आणि डबा बघून त्यांचा चेहराच उतरला. "सिस्टर, हा आमचा डबा... आमचं काही चुकलं का हो?"

"काही चुकलं नाही, कमल."

"मग दिलेला आहेर कुणी परत आणतं का? लोक काय म्हणतील!"

"परत नाही आणला. हा संतोषचा आहे. मी नुसता सांभाळला इतकी वर्षं. मी आता आवराआवर करतेय, आणि माझ्यामागे हा कुणा परक्याच्या हाती पडलेला मला चालणार नाही."

तेवढ्यात आतून संतोष आला. रेल्वेत आहे. दाराच्या चौकटीत मावेना असा गडी. त्यानं डबा हातात घेतला, झाकणावरचं आपलं नाव वाचलं आणि तसाच वाकून आक्काच्या पाया पडला.

"दोन किलो चारशे होतास," आक्का म्हणाली. "काचेच्या पेटीत ठेवावं लागलं होतं तुला. आईनं तीन रात्री डोळा लावला नव्हता."

"आता जरा जास्त झालोय, सिस्टर," तो म्हणाला, आणि कमलताई रडता रडता हसायला लागल्या. आक्काला हजारो पोरांची वजनं पाठ आहेत. स्वतःचा फोन नंबर विचारा, डायरी उघडेल.

निघताना आक्का जिन्यात पोचली आणि कमलताईंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. बेसनाच्या लाडवांनी भरलेला दुसरा डबा माझ्या हातात कोंबला. "सिस्टर घ्यायच्या नाहीत. तुम्ही घ्या, मावशी. डबा काय, सवडीनं द्या." झाकणावर 'सौ. कमल' कोरलेलं. मी पटकन बॅगेत टाकला आणि चेन ओढली. लाडू कोण सोडतं?

दुपारी जुन्या नाशकात गेलो. भद्रकालीच्या मागे गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून हातगाडी आली तर आपण भिंतीला चिकटून उभं राहायचं. तिथं युनूसभाईंचं कल्हईचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक ओटा, जमिनीत खणलेली भट्टी आणि भिंतीला टेकलेले युनूसभाई. मुलगा एसी दुरुस्त करतो. हे मात्र रोज येऊन भट्टीपाशी बसतात, गिऱ्हाईक असो नसो.

"आओ सिस्टर! बसा. आणि ह्या? बहीण का? चेहरा तोच आहे," ते म्हणाले.

आक्कानं पातेलं पुढे ठेवलं. साखर घातलेली होतीच. युनूसभाईंची मुलगी नसरीन आक्काच्या हातची. ती आता मालेगावला शाळेत शिकवते. पातेलं तिच्यासाठी. युनूसभाईंनी साखर कागदावर काढली, पातेलं उजेडात धरलं, आत बोट फिरवलं. मग पुन्हा एकदा फिरवलं.

"सिस्टर, ही कल्हई माझ्या हातची आहे. नसरीनच्या वेळी मीच केली होती. एकदा भांडं चुलीवर चढलं की कल्हई जाते, चार-सहा महिन्यांत पुन्हा करावी लागते. ही तशीच आहे." त्यांनी पातेलं खाली ठेवलं. "तुम्ही एकदा पण वापरलं नाही."

आक्काची मान खाली गेली. मी तिला आयुष्यात कधी अशी पाहिली नव्हती. "एकटीला एवढं पातेलं कशाला लागतं, भाई?"

"मग तेव्हाच नको म्हणायचं."

"तेव्हा नको म्हणता येत नव्हतं. तुम्ही किती खुशीत होतात."

"हां, ते पण आहे," युनूसभाई म्हणाले. मग एकदम गुडघ्यावर हात टेकून उठले. "पण नसरीनकडे असं नवं-नवं नाही पाठवणार मी. आज वापरू."

त्यांनी भट्टीत कोळसे घातले, पंखा लावला. कुणीतरी दूध बाजारातून दूध आणलं, भाभींनी घरातून आलं, चहापत्ती आणि साखर पाठवली, शिवाय आमची पुडीतली साखर होतीच. इतकी वर्षं कोरडं राहिलेलं ते पातेलं चढलं एकदाचं आगीवर. आख्ख्या गल्लीला चहा झाला. समोरचा शिंपी, कुलूपवाला, शेजारच्या दोन बायका, सगळे ओट्यावर येऊन पिऊन गेले. मी दोन कप घेतले. चहा आल्याचा, घट्ट, जरा धुराचा वास असलेला. आक्का कप दोन्ही हातांत धरून बसली होती आणि पातेल्याकडे बघत होती. "बरं झालं," ती एवढंच म्हणाली.

भाभींनी निघताना मला नानकटाईचा डबा दिला. आक्काच्या पाठीमागे, अर्थातच. 'मेहरुन' असं नाव कोरलेला. मी घेतला. काय करू, नाही म्हणता येत नव्हतं!

संध्याकाळी आम्ही गंगेवर गेलो (गोदावरीला इथं सगळे गंगाच म्हणतात). दगडी पायऱ्यांवरून माझी बॅग ओढत उतरताना आतून खडाड खडाड आवाज येऊ लागला. आक्का थांबली.

"कुंदे, बॅग उघड."

मी उघडली. ती दोन डब्यांकडे बघत राहिली, मग झाकणांवरची नावं वाचली. मला वाटलं आता काही खरं नाही. "हे परत कोण नेऊन देणार?"

"तू... म्हणजे आपण."

"आणि रिकामे नेणार का?"

"छे, रिकामे कसे? काहीतरी घालून..."

"आणि त्या मग आपल्याला काय रिकाम्या हातानं पाठवतील?" आक्का पायरीवर बसली आणि हसायला लागली. इतकी हसली की खोकला आला. "सात महिने गं! सात महिने मी घर रिकामं करतेय, आणि ही एका दिवसात दोन डबे घेऊन आली. असं केलं तर मी मरेपर्यंत डबेच पोचवत बसेन."

"मग? पोचव की! डबे नसतील तर माणसं भेटतील तरी का?" मी पण सोडते होय?

हसून डोळ्यांत आलेलं पाणी आक्कानं पदरानं पुसलं. "ते खरं आहे," ती म्हणाली. "फिरणारी भांडी मला चालतात. बसून राहिलेली नकोत." मग तिनं लाडवांचा डबा उघडला आणि शेजारच्या पायरीवर वाती वळत बसलेल्या म्हातारीला पहिला लाडू दिला. आम्ही घाटावरच दोन्ही डबे संपवले. पाण्यावर दिवे लागले होते, वारा गार होता. मला आक्काचा हात धरून बसावंसं वाटलं, म्हणून मी धरला. कोल्हापूरचा विषय काढायला हीच वेळ बरी, असं वाटलं, पण तोंडाशी येऊन राहिला.

तिसऱ्या दिवशी ओझर. आडगाव मागे टाकलं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षाचे मळे सुरू होतात. गावाच्या अलीकडे दहाव्या मैलावर उतरून आम्ही एका वस्तीवर (मळ्यातल्या घराला इकडे वस्ती म्हणतात) चालत गेलो. तांब्या जिचा, तिचं नाव विमल. आईनं आक्काचंच नाव ठेवलेलं. छत्तीस वर्षांची, आरोग्यसेविका, नवरा विमानाच्या कारखान्यात. आम्हाला बघून ती अंगणातून पळतच आली.

"मावशी, तुम्ही सांगा ना सिस्टरांना," तिनं माझ्याकडेच तक्रार केली. "वर्गात सगळ्या पूजा न् अश्विनी, अन् मी एकटी विमल! मास्तर हजेरी घ्यायचे तेव्हा पोरं हसायची. लय राग यायचा."

"दोन किलो नऊशे," आक्का म्हणाली. "आणि रडणं असं की वॉर्ड जागा केलास."

विमलच्या सासऱ्यांचं, नानांचं, मळ्यात छाटणीचं काम चालू होतं. मी बघायला गेले. चांगल्या हिरव्यागार काड्या ते कचाकच कापून टाकत होते. माझा जीवच कळवळला. "अहो, एवढं कशाला कापताय?"

"सगळ्या काड्या ठेवल्या तर माल येत नाय, बाई. झाडाचा जीव पानातच जातो."

"आता तुम्हीपण सुरू करू नका!" मी म्हणाले. नानांना काही कळलं नाही. त्यांनी मला पाणी विचारलं.

जेवायला बाजरीची भाकरी, शेवेची भाजी, कांदा. विमलनं त्याच तांब्यानं पाणी वाढलं. जेवण झाल्यावर ती म्हणाली, "सिस्टर, खोली दाखवू ना मावशींना?" आणि आक्कानं मान हलवली. घराच्या मागच्या अंगाला एक खोली होती. पांढरा चुना, एक खाट, भिंतीला तीन खुंट्या, एक खिडकी आणि तिच्यातून दिसणारा मळा. बाकी काही नाही.

"छान आहे," मी म्हटलं. "कुणाची?"

"माझी," आक्का म्हणाली. "दिवाळीच्या पाडव्यापासून मी इथं राहणार."

मला आधी वाटलं चेष्टा करते. मग तिचा चेहरा बघितला. मी जी सुरू झाले! काय काय बोलले ते सगळं इथं लिहीत नाही, लाज वाटते. परक्यांच्यात राहशील, पण बहिणीकडे यायचं नाही. मी गल्लीत सांगून बसलेय. तीन वर्षं खोली ठेवलीय तुझ्यासाठी, ती काय शोभेला? विमल बिचारी दाराशी चहा घेऊन उभी होती, ती तशीच मागे फिरली.

आक्कानं मला खाटेवर बसवलं. "मागच्या मे महिन्यात मी आठ दिवस आले होते तुझ्याकडे. कुठं झोपले?"

"हॉलमध्ये. पण ते उन्हाळा होता म्हणून..."

"त्या खोलीचं दार अर्धंच उघडत होतं, कुंदे. मी फटीतून हात घालून दिवा लावला आणि बघितलं. छतापर्यंत गाद्या. दोन शिलाई मशिनी. लेकीच्या लग्नातले खोक्यातले कुकर. तिच्या पाळण्यापासून सगळं. खिडकी कुठल्या भिंतीला आहे तेच कळेना." तिचा आवाज चढला नव्हता, त्यानं जास्त लागत होतं. "मी आठ दिवस वाट बघितली. म्हटलं, कुंदा म्हणेल, चल आक्का, दोघी मिळून आवरू. तू मला रोज 'कायमची ये' म्हणायचीस आणि रोज रात्री हॉलमध्ये गादी घालायचीस. तू बोलावतेस गं. पण जागा देत नाहीस."

काहीतरी तोडून टाकणारं बोलायला मी तोंड उघडलं. त्याऐवजी रडू आलं, आणि आलं ते थांबेना. मग मी तिला ते सांगितलं जे माझ्या लेकीलाही सांगितलेलं नाही. हे गेल्यावर घरात एखादा कोपरा रिकामा दिसला की तिथं मला हेच बसलेले दिसायचे. पेपर वाचताना, नखं काढताना, काहीही. मला सहन व्हायचं नाही. मग मी तिथं काहीतरी नेऊन ठेवायची. खोकं, स्टूल, जुनी गादी. कुणी काही टाकून देतंय म्हटलं तर मी घेऊन यायची. घर भरलं, पण बरं काही वाटलं नाही. हे मी मोठ्यांदा बोलेपर्यंत मलासुद्धा ठाऊक नव्हतं.

आक्कानं मला जवळ घेतलं. तिच्या हाताला अजून दवाखान्यातल्या साबणाचा वास येतो, किंवा मला तसं वाटतं. "वेडी," ती म्हणाली. "मला सांगायचं नाहीस?" पण "येते" म्हणाली नाही. मी विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मला द्वारकेला गाडीत बसवून दिलं. गाडी सुटेपर्यंत खिडकीपाशी उभी होती. वाटेत नारायणगाव आलं कधी, पुणं गेलं कधी, मला सांगता यायचं नाही. प्रवासवर्णन लिहिणाऱ्या बाईनं असं कबूल करू नये, पण त्या दिवशी मी खिडकीतून बाहेर बघितलंच नाही.

घरी आल्यावर दोन दिवस मी त्या खोलीचं दार उघडलं नाही. गल्लीत सगळ्यांनी विचारलं, आक्का कुठाय? मी म्हणाले, येईल. तिसऱ्या दिवशी पदर खोचला. आधी गाद्या. सोप्या होत्या त्या, वसतिगृहातल्या पोरींना दिल्या. कुकर आमच्या कामवाल्या शोभाच्या लेकीच्या लग्नात गेले. शिलाई मशीन उचलताना कंबर धरली, एक दिवस निजून काढला. पाळणा पुढच्या गल्लीत गेला, तिथं आता एक टक्कल असलेली मुलगी झोपते. तिचं वजन विचारून ठेवलंय मी. सगळ्यात शेवटी, भिंतीला टेकवलेला, यांचा कॅरम बोर्ड निघाला. त्याच्याशी मी सबंध दुपार बसून होते. शिव्या दिल्या, रडले, पुसून लख्ख केला, आणि संध्याकाळी कट्ट्यावरच्या म्हाताऱ्यांना नेऊन दिला. आता रोज तिथं आरडाओरडा असतो. हेही असेच भांडायचे, राणी कुणाची म्हणून. ऐकायला बरं वाटतं.

वसुबारसेला चार दिवस होते. मी खोली धुतली. मग खिडकी. कडी गंजलेली, बत्त्यानं ठोकावी लागली. एकदम खिडकीचं दार सुटलं आणि उजेड आत आला. समोरच्या देसाईवहिनी कपडे वाळत घालत होत्या. "अगोबाई कुंदाताई," त्या ओरडल्या, "इथं खिडकी होती होय!"

मी जमिनीवर बसून आक्काला फोन लावला. "खोली झाली," मी म्हटलं.

"थोडं सामान असेल अजून."

"एक खाट आहे. बाकी काही नाही. आक्का, मी दिवसभर इथंच बसले होते. हेही आले होते, कोपऱ्यात पेपर घेऊन. मी बसू दिलं."

पलीकडे आक्कानं नाक ओढलं.

"वसुबारसेला पोचते," ती म्हणाली. "विमलला सांगते, तिची खोली कुठं पळून जात नाही. दिवाळीभर राहीन. पुढचं पुढं बघू."

"बरं."

"येताना काय आणू गं? चिवडा? बेदाणे? तुला ते मोठे मनुके आवडतात ना?"

माझी यादी जिभेवर तयार होती. खोटं कशाला बोलू, चार जिनसांची होती. मी त्या खोलीकडे बघितलं.

"काही नको," मी म्हटलं. "रिकाम्या हातानं ये."